दुसऱ्यांदा उघडलेला प्रोग्राम

डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला सी प्लस प्लसच्या ओरलमध्ये एक प्रश्न हमखास असतो: क्लास म्हणजे काय? उत्तरही हमखास तेच, आणि इंग्रजीतूनच येतं: ‘क्लास इज अ ब्ल्यूप्रिंट ऑफ ऑब्जेक्ट.’ पुढे कुणी विचारलं, की बाळा, तुझ्या प्रोग्रामात हा क्लास कशासाठी केलास, तर मुलगा जर्नलकडे बघतो, मग मॅडमकडे, मग खिडकीबाहेर.

आमच्या तंत्रनिकेतनात ही परीक्षा घेऊन झाल्यावर दोन परीक्षक गुणतक्ते भरत बसले होते. मॅडम आमच्याच विभागातल्या, विषय शिकवणाऱ्या. सर बाहेरून आलेले एक्स्टर्नल. आधी बरीच वर्षं पुण्यात कंपनीत काढून मग शिकवण्याकडे वळलेले. मी विभागात नवा, पुढच्या सेमिस्टरला जावा माझ्याकडे येणार होता, म्हणून कान देऊन बसलो. कंपनीतून आलेला माणूस ऑब्जेक्टची बाजू घेईल आणि पुस्तकी बाई जुन्याची, असा माझा अंदाज होता. तो पहिल्या दोन वाक्यांतच गेला.

सर : मॅडम, सगळ्या बॅचने एकच प्रोग्राम लिहिलाय. क्लास स्टुडंट. आत रोल नंबर, नाव, गेटडेटा, पुटडेटा. मेनमध्ये एस वन. संपलं. यातला क्लास शब्द खोडून स्ट्रक्ट लिहिलं तर काय बिघडेल?

मॅडम : काही नाही. सी प्लस प्लसमध्ये या दोघांत व्यवहारातला फरक एवढाच, की स्ट्रक्टमध्ये काही न सांगितल्यास सगळं पब्लिक असतं आणि क्लासमध्ये प्रायव्हेट. आणि पोरांनी वर पब्लिक लिहून टाकलंय. म्हणजे तेवढाही फरक उरला नाही.

सर : मग शिकवता कशाला? दुसऱ्या सेमिस्टरला सी झालं म्हणतो आपण. त्यातल्या निम्म्यांना फंक्शनला अॅरे पाठवता येत नाही. पॉइंटरचं तर नावच काढू नका. त्यावर लगेच क्लास, कन्स्ट्रक्टर, फ्रेंड फंक्शन, ऑपरेटर ओव्हरलोडिंग. अहो, औषध देताय, पण रोग्याला अजून रोगच झालेला नाही. आधी त्यांना मोठा प्रोग्राम लिहू द्या. अडकू द्या. आपलाच व्हेरिएबल कुठल्या फंक्शनने बदलला हे शोधत दोन दिवस जाऊ द्या. मग सांगा, बाबांनो, यावर उपाय आहे.

मॅडम : दोन दिवस? त्यांना आठवड्याला किती प्रॅक्टिकल मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे. दहावी होऊन आलेली ही पोरं. चारशे ओळींचा प्रोग्राम लिहून, त्यात अडकून, शहाणं होऊन बाहेर पडायचं, हे कंपनीत पगार घेऊन होतं. इथे अडकलेला मुलगा शेजारच्याचा प्रोग्राम उतरवतो.

सर : हल्ली शेजारीही लागत नाही. चॅटजीपीटी आहे. गेटर-सेटरसकट सुंदर लिहून देतो.

मॅडम : म्हणूनच म्हणते, आधी सवय एक लावायची आणि मग ती मोडायची, हा मार्ग लांबचा आहे. सी मुरलेला मुलगा क्लासमध्येही सीच लिहितो. ऑब्जेक्ट पहिल्या दिवसापासून दाखवले पाहिजेत. हे मी एकटी म्हणत नाही. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठात ब्ल्यूजे बनवलं ते यासाठीच. पडद्यावर क्लासचा चौकोन, त्यावर राइट क्लिक, ऑब्जेक्ट तयार. मेन लिहायच्या आधी मुलगा ऑब्जेक्टशी बोलायला लागतो. एसीएमच्या २००१ च्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यातही ‘ऑब्जेक्ट आधी’ हा एक रीतसर मार्ग म्हणून मांडलेला आहे.

सर : पण अमेरिकेत कार्नेगी मेलनने २०११ मध्ये पहिल्या वर्षातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड काढून टाकलं, तेही सांगा. रॉबर्ट हार्परनी तर जाहीर लिहिलं, की ही पद्धत मुळातच मॉड्यूलच्या विरोधात जाणारी आहे.

मॅडम : काढून टाकलं म्हणजे पुढे ढकललं. आणि त्याजागी आणलं काय? फंक्शनल प्रोग्रामिंग, स्टँडर्ड एमएल. ते आणता का आपल्या तिसऱ्या सेमिस्टरला? मी तयार आहे. तुमच्या कॉलेजातून सुरुवात करू.

सर हसले. मला वाटतं, परदेशातल्या विद्यापीठांची नावं अशी फेकण्यात दोघांनाही फारसा रस नव्हता. तलवारी एकदा म्यानातून काढून दाखवायच्या इतकंच. तरी सरांकडे एक पान होतं आणि ते त्यांनी टाकलं.

सर : बरं, जावाचंच बघा. १९९५ पासून जावात पहिली ओळ लिहायची तर क्लास लिहावाच लागे. पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, स्ट्रिंग एआरजीएस. तीस वर्षं जगभरच्या पोरांनी ही ओळ अर्थ न कळता घोकली. आणि २०२५ च्या जावा पंचवीसमध्ये त्यांनी स्वतःच ती अट काढली. नुसतं मेन लिहा, क्लास नको. खुद्द जावाने कबूल केलं की पहिल्या दिवशी क्लास नको.

मॅडम : आमच्या लॅबमधला जावा आठवर आहे. पंचवीस येईपर्यंत मी निवृत्त होईन.

सर : आणि सी प्लस प्लस?

मॅडम : टर्बो.

पुढे थोडा वेळ टर्बोबद्दल गेला. बोरलँडचं ते १९९० चं सॉफ्टवेअर, निळा पडदा, डॉसबॉक्समध्ये अजूनही कितीतरी लॅबमध्ये सुरू. मुलं आयओस्ट्रीम डॉट एच लिहितात, व्हॉइड मेन लिहितात, क्लीअरस्क्रीन आणि गेटसीएच लिहितात. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आलं, त्यात ती डॉट एचवाली फाइल नाही आणि व्हॉइड मेनही नाही. घरच्या लॅपटॉपवर नवा कंपायलर टाकला की जर्नलमधला पहिलाच प्रोग्राम एरर देतो, आणि मुलगा समजतो की लॅपटॉप खराब आहे. यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून हा विषय लवकर संपला.

सर : तुम्हाला ऑब्जेक्ट पहिल्या दिवशी हवेत, ठीक. पण दाखवणार काय? अॅनिमल, त्यातून डॉग, तो भुंकतो. शेप, त्यातून सर्कल. पोराला सर्कलचं क्षेत्रफळ शाळेपासून येतंय. त्यासाठी व्हर्च्युअल फंक्शन कशाला?

मॅडम : इथे मी तुमच्याच बाजूला आहे. डॉग आणि अॅनिमलने इनहेरिटन्सचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणीच केलं नसेल. मुलांना वाटतं इनहेरिटन्स म्हणजे प्राणिशास्त्रातलं वर्गीकरण. मुळात ते तसं आलंच नाही. ऑस्लोमधल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये डाल आणि नीगार्द सिम्युला बनवत होते. रांगांचं, वाहतुकीचं सिम्युलेशन करायचं होतं. पुलावरच्या टोलनाक्याचं उदाहरण त्यांच्यापुढे होतं: रांगेत ट्रकही आहेत, बसही आहेत. रांगेला दोघांना सारखंच वागवायचंय, पण ट्रक ट्रक राहिला पाहिजे आणि बस बस. या अडचणीतून सिम्युला सदुसष्टमधला क्लास आणि उपक्लास निघाला. म्हणजे आधी रांग होती. ट्रक कोणत्या कुळातला, हा प्रश्नच नव्हता. रांगेला काय लागतं, हा प्रश्न होता.

सर : मग झालं की! रांग आधी, क्लास नंतर. माझंच म्हणणं.

मॅडम : रांग म्हणाले मी, चारशे ओळी नव्हे. अडचण लागते, हे मला मान्य. ती मोठीच असावी, हे नाही. आपल्या के स्कीमच्या अभ्यासक्रमात एक गंमत आहे, तुम्ही बघितलीत का? तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर सीमध्ये आहे आणि त्याच सेमिस्टरला माझा सी प्लस प्लस. एकाच आठवड्यात मुलगा सोमवारी स्टॅक सीमध्ये लिहितो आणि गुरुवारी माझ्याकडे क्लास लिहितो, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे त्याला कुणीच सांगत नाही. मी त्या शिक्षकांशी बोलून यंदा एक केलं. सोमवारचा स्टॅक तसाच उचलला. स्ट्रक्टमध्ये दहाचा अॅरे आणि टॉप. पुश, पॉप व्यवस्थित. मग फळ्यावर मेनमध्ये एकच ओळ लिहिली: एस डॉट टॉप बरोबर पन्नास. म्हटलं, चालवा.

सर : सी हूं का चूं करत नाही.

मॅडम : करतच नाही. पुढचा पुश दहाच्या अॅरेच्या बाहेर कुठेतरी लिहितो. कुणाचा चालला, कुणाचा कचरा आला, एकाचा पडदा अडकला. पुश तपासला, बरोबर. पॉप तपासला, बरोबर. मग चूक कुठेय? कुणीही, कुठूनही टॉपला हात लावू शकतो, ही चूक. गुरुवारी तोच स्टॅक क्लासमध्ये, टॉप प्रायव्हेट. तीच ओळ लिहिली. कंपाइलच होईना. वीस ओळींत झालं, सर. प्रायव्हेट कशाला असतं हा प्रश्न त्या बॅचला मी परत विचारला नाही. नंतर आतला अॅरे काढून लिंक्ड लिस्ट घातली आणि मेन जसाच्या तसा चालला, ते तर बोनस.

सर जरा वेळ गप्प होते. त्यांना पटलं होतं, पण पटलेली गोष्ट आपल्याच हिशेबात कशी जमा करायची याचा विचार चालू असावा.

सर : चांगलं केलंत. पण एक बघा. सीमध्ये मुलगा एफओपनने फाइल उघडतो, एफक्लोजने बंद करतो. त्या फाइलच्या स्ट्रक्टच्या आत काय आहे, हे त्याने कधी बघितलंय? कुणीच बघत नाही, बघायची गरजही नाही. ते ऑब्जेक्टच आहे. सीमध्ये, क्लासशिवाय. म्हणजे तुमचा विचार सीमध्येही शिकवता येतो. भाषा बदलायची घाई कशाला?

मॅडम : आणि मी म्हणते, विचार इतका साधा आहे की तो सीमध्येही डोकावतो, तर मग त्याला पुढच्या वर्षासाठी राखून का ठेवायचा?

इथे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच उदाहरणाने दोघंही आपापली बाजू सिद्ध करून बसले होते. वादात असं झालं की मला बरं वाटतं. उदाहरण खरं असल्याची ती खूण आहे.

सर : पण प्रायव्हेटचीही वाट लागलीय. प्रत्येक व्हेरिएबल प्रायव्हेट करायचा आणि लगेच खाली त्याचा गेट आणि त्याचा सेट. घराला कुलूप लावून किल्ली दाराच्याच खिळ्याला अडकवायची! वर पेपरात लिहायचं, एन्कॅप्सुलेशन साधलं.

मॅडम : कारण आपण शिकवतो की ‘डेटा लपवा’. डेव्हिड पार्नासने १९७२ मध्ये जे सांगितलं ते वेगळंच होतं. बदलण्याची शक्यता असलेला निर्णय लपवा. उद्या जे बदलेल, ते एकाच ठिकाणी कोंडून ठेवा, म्हणजे बदलताना बाकीच्यांना झळ लागणार नाही. यात व्हेरिएबलचा विषयच नाही. आणि बदल म्हणजे काय, ते माझ्या मुलांना दिसावं म्हणून मी मायक्रोप्रोजेक्टला एसटी दिली.

सर : एसटी?

मॅडम : तिकीट. वाहकाच्या हातातलं मशीन जे करतं ते. सुरुवातीला सोपं: मोठ्या माणसाचं पूर्ण, पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं, ज्येष्ठांचं अर्धं. मुलांनी पुस्तकाप्रमाणे केलं. बेस क्लास प्रवासी, त्यात भाडं नावाचं व्हर्च्युअल फंक्शन. त्यातून मूल, त्यातून ज्येष्ठ. छान चाललं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सांगितलं, २०२२ साल आलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत.

सर : अमृत ज्येष्ठ नागरिक. नवा क्लास.

मॅडम : नवा क्लास. पाच मिनिटं. पोरं खूश, बघा मॅडम, जुन्याला हात न लावता झालं. पुढच्या आठवड्याला म्हटलं, १७ मार्च २०२३. महिलांना सगळ्या एसटीत अर्धं तिकीट.

सर : महिला क्लास.

मॅडम : आणि शहात्तर वर्षांची आजी?

सरांनी पेन खाली ठेवलं.

मॅडम : एका गटाने मल्टिपल इनहेरिटन्स लावलं. आजी ही अमृतज्येष्ठमधूनही आणि महिलामधूनही. प्रवासी दोन वाटांनी आला, कंपायलर म्हणाला, अँबिग्युअस. मग पुस्तक उघडलं. व्हर्च्युअल बेस क्लास, परीक्षेला येणारा प्रश्न. तो लावला. प्रवासी एकच झाला. पण भाडं? एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो निम्मं. कंपायलर पुन्हा अडला, कोणतं घेऊ? पुस्तकात याचं उत्तर नाही, कारण हा भाषेचा प्रश्नच नाही, महामंडळाचा आहे. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने विचारलं: मॅडम, प्रवासादरम्यान आजोबांना पंचाहत्तर पूर्ण झाली तर?

सर : ऑब्जेक्टचा क्लास जन्मभर बदलत नाही.

मॅडम : माणसाचं वय मात्र बदलतं. त्या दिवशी वर्गाला कळलं, की ज्येष्ठ असणं हा माणसाचा प्रकार नाही, ती त्याला लागू झालेली सवलत आहे. मग मांडणी उलटी झाली. प्रवासी एकच क्लास, उपक्लास नाही. सवलत हा वेगळा क्लास, आणि तिचे प्रकार. प्रवाशाजवळ लागू सवलतींची यादी. तिकीट प्रत्येक सवलतीला विचारतं, तुझ्या हिशेबाने किती? सगळ्यांत कमी जे येईल ते. नवी योजना आली, की नवी सवलत लिहा, यादीत टाका. १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकाने हेच सांगितलंय, वारशापेक्षा जोडणीला पसंती द्या. आणि आपला अभ्यासक्रम? इनहेरिटन्सला अख्खं युनिट. सिंगल, मल्टिलेव्हल, मल्टिपल, हायरार्किकल, हायब्रिड. पाच आकृत्या, बाण वर की खाली यावर अर्धा गुण. एका ऑब्जेक्टजवळ दुसरा ऑब्जेक्ट असू शकतो, यावर मात्र कुणी थांबत नाही.

मला वाटलं, आता सर शरण येतील. मी असतो तर आलो असतो.

सर : कागद द्या इकडे. हे बघा. वय पंचाहत्तरच्या वर, शून्य. नाहीतर, महिला किंवा पासष्टच्या वर किंवा बाराच्या आत, निम्मं. नाहीतर पूर्ण. तीन ओळी, मॅडम. एक फंक्शन, सीमध्ये. आजी बरोबर, आजोबा बरोबर, वाढदिवसही बरोबर, कारण वय दर वेळी विचारतोय. तुम्ही केलेत किती क्लास? सहा?

मॅडम : सात.

सर : सात क्लास, तीन ओळींच्या कामाला. पोरं यातून काय शिकली? साधं काम अवघड कसं करायचं.

मॅडमनी कागद घेतला, वाचला, आणि ‘बरोबर आहे,’ म्हणाल्या. एवढंच. उत्तर शोधायची धडपड नाही, विषय बदलणं नाही. आमच्या क्षेत्रात हे क्वचित दिसतं.

मॅडम : या आकाराला तुमच्या तीन ओळी चांगल्या. मी सातवी पायरी आधी दाखवली, हे खरं. पण पुढे चला. सावंतवाडीहून पणजीला जाणारी एसटी. बांदा सोडलं की पत्रादेवीला गोवा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं भाडं पूर्ण.

सर : फंक्शनला अंतर दोन तुकड्यांत पाठवीन.

मॅडम : ते तुकडे कोण पाडणार? तुमच्या फंक्शनला हद्द कशी कळली?

सर : जो बोलावतो तो पाडेल.

मॅडम : बोलावणारे किती? आगाऊ आरक्षण करणारा एक, गाडीत तिकीट देणारा एक, रद्द करून पैसे परत देणारा एक. तिघांनाही पत्रादेवी माहीत पाहिजे. आणि २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ज्याने महिनाभर आधी आरक्षण केलंय त्याला जुनं की नवं?

सर : तिथे माझी जर-तरची शिडी लांबेल, मान्य. कंपनीत मी तसली शिडी बघितलीय. दोन हजार ओळींचं एकच फंक्शन. जिने लिहिलं ती बाई नोकरी सोडून गेलेली, आणि बाकीच्यांत हात लावायची हिंमत नाही. नवा नियम आला की शेवटी आणखी एक जर चिकटवायचा. पण मी दुसरंही बघितलंय. सात पिढ्यांचं इनहेरिटन्स. मूळच्या बेस क्लासमध्ये नुसतं एक फंक्शन बदललं आणि तिसऱ्याच टीमचं बिल चुकलं. ते लिहिणारेही ऑब्जेक्टमध्ये पहिल्या श्रेणीत पास झालेले होते. म्हणून म्हणतो, पोरांना आधी शिडी लिहू दे, ती कुठे कमी पडते ते कळू दे.

मॅडम : आणि ती कमी कुठे पडली ते बोटाने दाखवता येण्यासाठी कोणती गोष्ट कुणाकडे असावी याची जाण लागते. ती मी कार्डांनी देते. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांची १९८९ ची पद्धत. प्रत्येक क्लासचं एक कार्ड: नाव, जबाबदारी, मदतीला कोण. एक पोरगा वाहक, एक प्रवासी, एक मार्ग, एक सवलत. नियम एकच, स्वतःच्या कार्डावर आहे तेवढंच उत्तर द्यायचं. वाहकाने प्रवाशाला विचारलं, हद्द कुठे? तो म्हणाला, मला काय माहीत, मी झोपणार आहे. वर्ग हसला. मग वाहक मार्गाकडे वळला. हद्द मार्गाकडे असते, हे फळ्यावर लिहावं लागलं नाही.

सर : नाटक आहे.

मॅडम : असू दे. अॅलन केंनी नंतर म्हटलंच होतं, ऑब्जेक्ट हे नाव देऊन मी लोकांचं लक्ष भलतीकडे वळवलं. खरी गोष्ट ऑब्जेक्ट नाहीत, त्यांच्यातले निरोप आहेत. निरोप नाटकातच दिसतात. जर्नलात दिसत नाहीत.

सर : आणि जर्नलात काय लावणार? एक्स्टर्नल म्हणून मी आउटपुटची प्रिंट मागणार. मला कार्डं दाखवलीत तर मी सही करीन, माझ्या जागी दुसरा आला तर?

इथे संभाषण जरा रेंगाळलं. चहा आला. सबमिशन, डिटेन, हजेरी, कुणाच्या मायक्रोप्रोजेक्टवर कुणाचं नाव राहून गेलं, असं काहीबाही. मीच मग विचारलं, की तुमच्या दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येतेय. सोमवारचा स्टॅक बिघडतो तो कुणीतरी नंतर ओळ घातल्यावर. मॅडमची एसटी बिघडते ती नवा नियम आल्यावर. आणि कंपनीतली शिडी कुणी लिहिली हे महत्त्वाचं नाही, पुढच्याला ती उघडावी लागली हे महत्त्वाचं आहे. ऑब्जेक्टचा उपयोग जर प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडल्यावरच दिसत असेल, तर आपल्या जर्नलमधला कोणता प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडला जातो?

मॅडम : एकही नाही. पंधरा-सोळा प्रॅक्टिकल, पंधरा-सोळा वेगळे प्रोग्राम. लिहिला, चालवला, प्रिंट काढली, सही घेतली. मेला तो.

सर : परीक्षेतही तेच. चिठ्ठी उचलायची. ‘अमुक प्रोग्राम लिहा.’ इतक्या वर्षांत ‘हा प्रोग्राम बदला’ अशी चिठ्ठी मी पाहिलेली नाही. पेपरात तर पीओपी आणि ओओपीमधला फरक, चार मुद्दे, चार गुण. कोऱ्या कागदावरून सुरुवात करून एकदाच चालवायचा प्रोग्राम असेल तर माझ्या तीन ओळीच नेहमी जिंकणार. जिंकायलाच हव्यात.

मॅडम : म्हणजे पोरं क्लास उगाच करतात, असं तुम्ही सकाळपासून म्हणताय, ते त्यांच्या दृष्टीने खरंच आहे. त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही. आपण त्यांना जिथे क्लास लागतो त्या जागी नेतच नाही.

सर : मग न्या. चार प्रोग्राम ठेवा, प्रत्येक चारदा उघडा. दुसऱ्यांदा उघडताना स्वतःचा द्यायचा नाही, शेजारच्या गटाचा द्यायचा. कंपनीत पहिल्या दिवशी कुणी कोरा पडदा देत नाही, दुसऱ्याने लिहून ठेवलेलं देतात आणि सांगतात, यात एवढं बदल. डिप्लोमाचा मुलगा तिथे गोंधळतो तो क्लासमुळे नाही, दुसऱ्याचा प्रोग्राम त्याने कधी वाचलेलाच नसतो म्हणून.

मॅडम : आणि गुण कशाला द्यायचे तेही मोजता येतं. नवा नियम घालताना जुन्या किती ओळींना हात लावावा लागला? मोजा आणि लिहा. यात वशिला नाही, पाठांतर नाही. चॅटजीपीटीने लिहून दिला असला तरी चालेल, बदलायचा समोर बसून आहे.

सर : हे सीमध्येही मोजता येतं, बरं का.

मॅडम : येतं. मोजूच.

सर : मग चौथ्या सेमिस्टरला करा, तिसऱ्याला सीच पक्कं होऊ दे.

मॅडम : तिसऱ्यालाच.

यावर पुढे जे झालं ते मात्र कामाचं झालं. सरांनी गुणतक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठीचा मसुदा लिहिला: ‘सोबत एसटी तिकिटाचा चालू प्रोग्राम दिला आहे. त्यात पुढील नवी सवलत घाला. जुन्या किती ओळी बदलल्या व कोणत्या, ते शेवटी लिहा.’ मॅडमनी ‘व का’ हे दोन शब्द वर घातले. मग प्रश्न आला, दिलेला प्रोग्राम कोणता? सरांचा शिडीवाला की मॅडमचा सात क्लासचा? बराच वेळ कुणी मागे हटेना. शेवटी ठरलं, अंतर्गत चाचणीला दोन्ही द्यायचे. अर्ध्या बॅचला शिडी, अर्ध्या बॅचला क्लास, नियम तोच, वेळ तोच. सावंतवाडी-पणजीही घालायची, असा मॅडमचा आग्रह. सर म्हणाले, मग दुसरी चिठ्ठी करा, पहिल्याच चिठ्ठीत पोरांना गोव्याला नेऊ नका. सीमधला मसुदा सर पाठवणार होते, सी प्लस प्लसमधला मॅडमकडे होताच. दोन्ही टर्बोवर चालतील असे करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.